भुकेल्या मांजराला दुधाची वाटी पुरत नाही

मिरा रोड आणि भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये मीटरच्या खोलीपाशी, पार्किंगमधल्या गाड्यांखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एखादे तरी खंगलेले मांजर असते. कण्याचे मणके वर आलेले, केस राठ, डोळ्यांना चिपडे, आणि कुणी जवळून गेले तरी पळण्याइतकाही जोर नाही. बहुतेक माणसांना ते पाहून वाईट वाटते आणि त्यांतली काही घरात जाऊन दुधाची वाटी घेऊन येतात, दुधात पोळी कुस्करलेली. या कृतीमागचे मन चांगले आहे याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या वाटीने मांजर वाचत नाही. कधी कधी तर तीच वाटी त्याला अधिक आजारी करते, आणि देणाऱ्याला मात्र आपले काम संपले असे वाटते. कुपोषित मांजराला आसरा द्यायचा म्हणजे दोन-तीन महिन्यांचे काम अंगावर घ्यायचे. त्याची सुरुवात पशुवैद्याच्या टेबलावर होते, मधले दिवस थोडे-थोडे अन्न मोजून देण्यात जातात आणि निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झाल्याशिवाय ते पुरे होत नाही. ज्याला हे करायचे आहे त्याने पूर्ण करावे, आणि ज्यांना करायचे नाही अशा शेजाऱ्यांनीही त्यातला आपला वाटा उचलावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे मांजर उपाशी का राहते ते पाहू. १९९१ साली मिरा-भाईंदर शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ झाली. खाडी, समुद्र आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर मिठागरे आणि शेते मागे हटत गेली आणि इमारती उभ्या राहिल्या. इथले असंख्य संसार भाड्याच्या घरात असतात. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान टेम्पोत चढते, आणि नव्या घरमालकाला चालणार नाही म्हणून मांजर जिन्यातच राहते. घरात नीट सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. अकरा महिन्यांच्या हिशेबात ते बसत नाही. आता जुन्या इमारती धोकादायक ठरून पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी होते, पत्रे लागतात, रहिवासी भाड्याने विखुरतात, आणि ज्या चार खिडक्यांतून मांजराला खायला मिळत होते त्या एकाच महिन्यात बंद होतात. उत्तन, पाली, चौक या कोळी गावांतले चित्र वेगळे आहे. तिथे मांजराचे पोट मासळीच्या टाकाऊ तुकड्यांवर चालते, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि त्याच दिवसांत पाऊस कोसळत असतो. म्हणजे अन्न कमी, अंग ओले, आणि अंगावर बहुधा पिल्ले. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, ती चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, आणि आपल्याकडे दिवस वर्षभर पुरेसे मोठे असल्याने तिचा विणीचा काळ थंड देशांसारखा आखडत नाही. उपासमारीचा मोठा भाग या न थांबणाऱ्या विणीतून येतो. हे सारे माणसांनी केलेल्या व्यवस्थेचे परिणाम आहेत; त्याला निसर्गाचा नियम म्हणून हात झटकता येत नाहीत.

मांजर हाडकुळे दिसले म्हणजे त्याला अन्न मिळत नाही, हा आपला पहिला समज, आणि तो अनेकदा चुकतो. पोटात जंत झाले असतील तर पिल्लू पोटभर खाऊनही वाळत जाते. त्याचे पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या उघड्या, असे विसंगत रूप दिसते. दात किडलेले, हिरड्या सुजून लाल झालेल्या असतील तर मांजर भरलेल्या ताटलीपाशी येते, वास घेते, एक घास उचलते आणि ओरडून मागे सरकते. गाडीच्या धक्क्याने जबडा मोडला असेल, वयामुळे मूत्रपिंडे निकामी होत असतील, किंवा रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू अंगात असेल, तर कितीही खायला घाला, अंग धरणार नाही. उलट पिल्लांना पाजणारी मांजरीण निरोगी असूनही सुकलेली दिसते. तिला उचलून नेले तर कोपऱ्यातली न दिसणारी पिल्ले मरतात. एकटे दिसलेले पिल्लू उचलण्यापूर्वीही काही तास लांबून लक्ष ठेवावे लागते, कारण आई बहुधा अन्न शोधायला गेलेली असते. पिल्लू थंडगार आणि निपचित पडलेले असेल, रक्तबंबाळ असेल किंवा मुंग्या लागल्या असतील, तर मात्र थांबायचे नाही. म्हणूनच मी पशुवैद्याला पहिल्या पायरीवर ठेवतो. अन्नाची वाटी ही त्याच्या तपासणीनंतरची गोष्ट आहे. तपासणीआधी घरी करता येण्याजोगी एकच गोष्ट आहे ती म्हणजे ऊब. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. उपाशी पिल्लाचे ते खूप खाली घसरलेले असते आणि गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, ते श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. आधी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, मग अन्न.

आता त्या अन्नाबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण सर्वात प्रेमळ माणसे इथेच सर्वात मोठी चूक करतात. बराच काळ उपाशी राहिलेले शरीर साखर जाळणे जवळजवळ थांबवते आणि स्वतःच्या चरबीवर व स्नायूंवर जगू लागते. अशा शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, त्यातही भात, पोळी, बिस्कीट असे पिष्टमय अन्न गेले, की इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट व पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जाते. रक्तातले त्यांचे प्रमाण कोसळते. तांबड्या पेशी फुटू लागतात, स्नायू लुळे पडतात, हृदयाचा ठोका बिघडतो. वैद्यक याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये पोटभर अन्न मिळाल्यावर मृत्यू झालेले डॉक्टरांनी पाहिले, तेव्हापासून हा धोका ठळकपणे नोंदला गेला. मांजरांमध्येही तो दिसतो. म्हणून गणित हवे. दोन किलो वजनाच्या मांजराला नुसते पडून राहण्यासाठी दिवसाला साधारण १२० किलोकॅलरी लागतात. अतिशय खंगलेल्या मांजराला पहिल्या दिवशी याच्या चौथाई भागापासून सुरुवात करतात, म्हणजे ३० किलोकॅलरी. हे अन्न मोजायचे तर कातडी काढलेल्या, मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे वीसेक ग्रॅम होते, आणि तेही पाच-सहा वेळांत वाटून द्यायचे. पुढच्या चार ते सात दिवसांत हे प्रमाण पायरीपायरीने वाढवायचे. समोर भुकेने आरडाओरडा करणारा जीव आणि हातात चमचाभर चिकन. त्या वेळी मन घट्ट करणे सोपे नाही. पण पहिल्या आठवड्यात माया मोजूनच द्यावी लागते. मधल्या काळात रक्तातले क्षार तपासायचे की नाही, सलाईन त्वचेखाली द्यायचे की शिरेतून, हे पशुवैद्याने ठरवायचे. आणि नुसते चिकनही कायमचे अन्न नव्हे, त्यात कॅल्शियम फारच कमी असते. तब्येत सावरली की मांजरासाठी बनवलेल्या संतुलित अन्नाकडे वळावे लागते.

दुधाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत आणि गोष्टींत पक्की बसलेली आहे. पण आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यातले दुधाची साखर पचवणारे द्रव्य कमी होत जाते. धडधाकट मांजराला थोड्या दुधाने काही होणार नाही. अंगात पाणीच न उरलेल्या मांजराला मात्र त्याच दुधाने जुलाब लागले की उरलेसुरले पाणीही निघून जाते. दुधात कुस्करलेल्या पोळीने पोट फुगते, पण मांजराची खरी गरज भागत नाही. वाघाची मावशी हे नाव कौतुकाने घेतले जाते, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते खरे आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. त्याच्या अभावाने डोळ्याचा पडदा खराब होतो. त्याच अभावाने हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते, हे अमेरिकेतल्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर मांजरांच्या तयार अन्नात टॉरिन वाढवले गेले आणि तो हृदयविकार झपाट्याने घटला. गाजर-पालेभाजीतून माणसाचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, मांजराला तेही जमत नाही. अन्न कमी झाले म्हणून प्रथिने जाळण्याचा वेग मांजराला फारसा कमी करता येत नाही, म्हणून उपाशी मांजराचे स्नायू इतक्या लवकर झडतात.

मांसाहाराचा हा मुद्दा भाईंदरमध्ये विशेष नाजूक आहे. इथे कडक शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि जीवदयेची त्यांची परंपरा जुनी व खरी आहे. १८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभा राहिला तो याच परंपरेतून. ज्या घरात अंडेसुद्धा येत नाही तिथे चिकन शिजवा असे कुणी सांगू नये. पण त्या घराने मांजराला दूध-भातावर ठेवून आपण त्याला जगवतो आहोत असेही मानू नये. यावर मार्ग आहे. पशुवैद्याचा खर्च उचलणे, पिंजरा विकत घेऊन सोसायटीसाठी ठेवणे, रिक्षाने दवाखान्यात नेणे, औषधांच्या वेळा सांभाळणे ही सगळी कामे शाकाहारी माणूस पूर्ण मनाने करू शकतो, आणि मांजर शेजारच्या घरात राहू शकते. पोटात काय जाते ते ज्याच्या त्याच्या शरीरावर सोडून देणे हासुद्धा जीवदयेचाच भाग मानता येईल.

घरात आणल्यावर धोके संपत नाहीत, काही तर घरातच सुरू होतात. ताप वाटला म्हणून क्रोसिनची गोळी देण्याचा मोह होतो. तिच्यातले पॅरासिटामॉल पचवण्याची पुरेशी यंत्रणा मांजराच्या यकृतात नाही, एका गोळीने ते मरू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवर लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, तेही मांजराला विषारी. फरशी पुसायचे फिनाइल त्याच्या पंजांना लागते, पंजे चाटले की पोटात जाते. घरात आधीपासून मांजर असेल तर नव्या पाहुण्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवले पाहिजे, कारण पॅनल्युकोपेनिया हा आजार लस न घेतलेल्या पिल्लांना काही दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू अनुकूल जागेत वर्षभरसुद्धा टिकतो. तो मारायला ब्लीचचे पाणी लागते, साबण पुरत नाही. छोट्या घरात वेगळी खोली नसेल तर निदान बाथरूम किंवा जाळी लावलेली बाल्कनी हवी. जाळी तर उंच इमारतीत हवीच, कारण साध्या ग्रिलच्या गजांतून मांजर सहज निसटते आणि खाली पडते. आणि एवढे सगळे करूनही मांजर खात नाही असे होते. परकी जागा, परकी माणसे, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. भ्यालेले मांजर अन्नाला तोंड लावत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली मथी मराठी वाचकाला आठवत असेल, श्यामची आई गेल्यावर अन्न सोडणारी ती मांजरी. तिला गोष्टीतली भावुकता समजून सोडून देऊ नये. ताणाखाली मांजरे खरोखर अन्न सोडतात, आणि काही दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागते. मग नळीने अन्न भरवण्यावाचून उपाय राहत नाही. म्हणून अंधारा कोपरा, लपायला खोका, किंचित कोमट केलेले अन्न आणि त्याच्याशी खेळू पाहणाऱ्या मुलांना आवर, या गोष्टी उपचाराइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप उपाशी मुलांबद्दलचा आहे. भाईंदरची खाडी ओलांडली की पालघर जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्रात बालकांच्या कुपोषणाशी जोडले गेलेले आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत झालेले बालमृत्यू कुणी विसरलेले नाही. तिथली मुले अर्धपोटी असताना इथे मांजराला वीस ग्रॅम चिकन मोजून देण्याची चर्चा करणे शोभते का? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. माणसाचे मूल आणि मांजर एका तागडीत घालायचे नाहीत, मूल नेहमीच आधी. पण मांजरावर खर्च होणारा पैसा त्या मुलाच्या ताटातून काढलेला नसतो. तो बहुधा हॉटेलातल्या एखाद्या जेवणाचा किंवा न घेतलेल्या साडीचा असतो. मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न शिधा, रोजगार, अंगणवाडी, रस्ते आणि आरोग्यकेंद्रे यांचा आहे आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारत राहायलाच हवे. मांजर दारात सोडून दिल्याने त्या मागणीला बळ येत नाही. शिवाय दोन्ही ठिकाणी शास्त्र एकच गोष्ट शिकवते. अतितीव्र कुपोषित मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या उपचारपद्धतीतही आधी शरीराची ऊब आणि रक्तातली साखर सांभाळतात, मग दर दोन-तीन तासांनी १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी असलेले सौम्य दूधमिश्रण थोडे-थोडे पाजतात, आणि मूल स्थिरावल्यावरच १०० किलोकॅलरीच्या मिश्रणाकडे जातात. घाईने भरवलेले अन्न मुलालाही मारू शकते, हे आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांतल्या परिचारिकांना ठाऊक असते. ज्याने घरात एका खंगलेल्या जिवाला असे सावरलेले आहे, त्याला कुपोषण हा शब्द बातमीत वाचताना त्यातला प्रत्येक दिवस किती लांब असतो हे अधिक कळेल, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप असा की खायला घातल्याने मांजरे वाढतात. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच मी अर्धवट दयेच्या विरोधात आहे. जिन्यात रोज मूठभर खाद्य टाकायचे आणि निर्बीजीकरणाकडे पाठ फिरवायची, याने पुढच्या पावसाळ्यात चार उपाशी मांजरांची वीस होतात, हे सोसायटीतले लोक बोलून दाखवतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. पण त्यांचा उपाय, म्हणजे पोत्यात भरून घोडबंदरकडे किंवा मासळी बाजारात नेऊन सोडणे, याने काहीच सुटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत कचरा आणि उंदीर तसेच राहतात, त्यामुळे आजूबाजूची मांजरे तिथे येतात, आणि सोडलेले मांजर अनोळखी भागात उपाशी मरते. निर्बीजीकरण केलेली आणि ओळख म्हणून कानाचे टोक किंचित कापलेली मांजरे आपल्याच जागेत राहिली, तर त्यांची संख्या हळूहळू उतरते, माजावरचे रात्रीचे ओरडणे आणि बोक्यांच्या मारामाऱ्याही थांबतात. पक्ष्यांची काळजी करणाऱ्यांचेही म्हणणे मला मान्य आहे. मांजर उत्तम शिकारी आहे, जगभर बेटांवरच्या पक्ष्यांचा त्याने संहार केलेला आहे, आणि आपल्या शहराला खारफुटी आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही लागून आहेत. म्हणून तर सावरलेले मांजर शक्य तेव्हा घरातच राहावे, आणि खारफुटीच्या कडेला खाद्य टाकण्याची सवय बंद व्हावी.

रोगांची भीती खोटी नाही, मात्र ती योग्य मापाची असावी. माणसांत रेबीजचे सुमारे ९९ टक्के प्रसंग कुत्र्यांमुळे होतात, पण मांजराकडूनही तो होऊ शकतो. म्हणून चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. घरचेच मांजर आहे म्हणून सूट नाही. गर्भवती स्त्रियांना टॉक्सोप्लाझ्माची धास्ती घातली जाते आणि पुष्कळदा त्यापायी पाळलेले मांजर घराबाहेर काढले जाते. तो परजीवी मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकते, आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याइतका तयार व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मांजराचा मातीचा ट्रे दुसऱ्या कुणी रोज साफ केला, हात धुतले आणि मांस नीट शिजवले, तर मांजराला हाकलण्याची गरज उरत नाही. नायटा मात्र होतो, पिसवाही येतात. दोन्हींवर औषध आहे.

राहिला सोसायटीचा प्रश्न. कायदा इथे भुकेल्या प्राण्याच्या बाजूने आहे, फक्त त्याचे दात दुबळे आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला ठार मारणे किंवा कायमचे जायबंदी करणे यासाठी मात्र पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मांजरांना विष घालण्याची भाषा करणाऱ्यांनी हे कलम वाचावे. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही. आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार परिसरातल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवरही आहे. ती जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर हवी. म्हणजे नियम खाऊ घालणाऱ्यालाही शिस्त लावतात, आणि ते योग्यच आहे. जिन्यात शिळे मासे टाकून जाणाऱ्याची बाजू कुणी घेऊ नये. पण या नियमांचा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या आदेशांनी पेटलेल्या देशभरच्या वादाचा सारा भर कुत्र्यांवर आहे. मांजर भुंकत नाही, सहसा अंगावर धावून येत नाही, म्हणून ते कुणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? एखाद्या इमारतीत एक बाई, बहुधा मध्यमवयीन, हे काम एकटी करते. दवाखाना, औषधे, शस्त्रक्रिया सगळे तिच्या खिशातून. शेजारी तिला वेडी म्हणतात, आणि आपल्या दारात मरायला टेकलेले मांजर दिसले की तिचीच बेल वाजवतात. हे अन्यायाचे आहे आणि टिकणारेही नाही. तिचे पैसे संपतात, घर भरते, आणि शेवटी तिच्याच घरात पंधरा मांजरे अर्धपोटी राहू लागतात. एका घराने एका वेळी एकच खंगलेले मांजर घ्यावे, फार तर दोन. उरलेले काम वाटून घ्यावे. सोसायटीने वार्षिक सभेत थोडी रक्कम निर्बीजीकरणासाठी मंजूर करावी. उंदीर मारायच्या औषधावर खर्च होतोच. शहरातल्या पशुवैद्यांनी रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी आठवड्यातला एखादा तास सवलतीचा ठेवावा. अवघड दुखणे असेल तर परळपर्यंत जाता येते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तिथे आहे. पण अत्यवस्थ मांजराला पिशवीत घालून गर्दीच्या लोकलने तिथवर नेणे हा रोजचा मार्ग होऊ शकत नाही. मुंबई महापालिकेने संस्थांच्या मदतीने मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतलेले आहे. मिरा-भाईंदर महानगरपालिकेने भाईंदर पूर्व, पश्चिम, मिरा रोड, काशिमीरा आणि उत्तन अशा प्रत्येक भागासाठी मांजरांच्या शस्त्रक्रियेचे वार, ठिकाण आणि फोन क्रमांक ठरवून सोसायट्यांच्या फलकांवर लावावेत, आणि उत्तनच्या कोळीवाड्यांत हे काम मासेमारी बंदीच्या आधी, मे महिन्यातच उरकावे. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे गटार आणि रस्ता मागताना ही मागणीही लेखी द्यायला हरकत नाही.

आणि दोन-तीन महिन्यांनी अंग धरलेल्या, जंताचे औषध, लसी आणि शस्त्रक्रिया झालेल्या त्या मांजराचे पुढे काय करायचे, हे पहिल्याच आठवड्यात ठरवलेले बरे. माणसाला बिलगणारे, मांडीवर येऊन बसणारे असेल तर त्याला घर शोधावे. नेणाऱ्याच्या खिडक्यांना जाळी आहे का, घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, हे विचारून आणि महिन्याभराने पुन्हा चौकशी करण्याचे कबूल करून घेऊनच ते द्यावे. ज्याला माणसाचा स्पर्शच नको असतो, त्या मांजराला चार भिंतींत कोंडण्याचा हट्ट करू नये. त्याला जिथून उचलले तिथेच सोडावे, आणि त्याआधी त्या इमारतीतल्या दोन घरांकडून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाद्य ठेवून अर्ध्या तासाने ताटली उचलण्याचे कबूल करून घ्यावे. दोन घरे यासाठी की एकाचा करार संपला तरी दुसरे तिथेच असेल.